हेडरांच्या आधीची ओळ

नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन दिशांच्या भुजांवर पसरलेल्या आहेत; आकाशाची साक्ष नोंदणाऱ्या अशा यंत्रांच्या फाइली वाचणारे सी भाषेतील प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, त्या प्रोग्रॅमांच्या आरंभीच्या एका उपेक्षित ओळीविषयी मला आस्थेने लिहावेसे वाटते.

ती ओळ फीचर टेस्ट मॅक्रोची. सी लायब्ररीच्या हेडरांत आयएसओ, पॉझिक्स, बीएसडी, ग्नू अशा अनेक राजवटींचे कायदे एकाच दप्तरात बांधलेले असतात, आणि त्यांपैकी कोणाचा अंमल आपल्याला मान्य आहे हे या ओळीनेच जाहीर करावयाचे असते. लिनक्सवर कंपायलरला काटेकोर सी-९९ची आज्ञा दिली, की वेळ सांगणाऱ्या क्लॉक-गेटटाइमची घोषणा हेडरातून लुप्त होते. पॉझिक्स-सी-सोर्स या मॅक्रोला किमान १९९३०९, आणि २००८च्या आवृत्तीसाठी २००८०९ हे मूल्य दिल्यावर ती प्रकट होते. मात्र हे मूल्य पहिल्या हेडराच्या आधी द्यावे लागते, कारण निवाडा त्या पहिल्या हेडरातच होऊन जातो व नंतर केलेली व्याख्या बहुधा निमूटपणे निष्फळ ठरते.

खरी जोखीम फाइलीच्या लांबीत आहे. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर फाइलीतील स्थान दाखवणारा ऑफ-टी हा प्रकार २,१४,७४,८३,६४७ बाइटांपुढे मोजू शकत नाही, आणि रात्रभराच्या निरीक्षणास ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. फाइल-ऑफसेट-बिट्स या मॅक्रोला ६४ हे मूल्य दिले की अडचण सरते. परंतु प्रोग्रॅमच्या एका भागात ते दिले आणि दुसऱ्यात राहून गेले, तर दोहोंत सामाईक असलेल्या ज्या स्ट्रक्चरमध्ये ऑफ-टी आहे त्याचा आकार दोन ठिकाणी वेगळा होतो, आणि लिंकर केवळ नावे जुळवीत असल्याने तो हरकत घेत नाही. म्हणून हे मूल्य प्रत्येक फाइलीत न लिहिता मेकफाइलमध्येच एकदा द्यावे, असा माझा आग्रह आहे.

सर्व काही एकदम उघडणारे ग्नू-सोर्स पुष्कळांना सोयीचे वाटते. मला ते गरजेविना वापरणे पसंत नाही, कारण ते नुसती भर घालीत नाही, तर अर्थही पालटते. ग्नूच्या लायब्ररीत स्ट्रएरर-आर हे फंक्शन एरवी यशापयशाचा अंक परत करते, ग्नू-सोर्स येताच तेच मजकुराचा पॉइंटर देऊ लागते, आणि त्या पॉइंटराची शून्याशी तुलना करणारी जुनी ओळ यशस्वी कामालाही अपयश समजते.