हाजरा रोडला निघालेल्या कूलरास

चि. कूलर यास,


पत्र उघडंच धाडतो आहे, कारण प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या तुझ्यावरून आम्हा वादकांत नेहमी वाद होतो. जो तो एकच विचारतो, तू किती वॅट झेपवतोस? माझ्या लेखी हा प्रश्न दुय्यम आहे. आमचा गाण्याचा संगणक एका टेबलावर बसून राहणारा नाही. तो कोलकात्यातल्या बेहालाहून टेम्पोत चढतो, गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात वाजतो आणि मग दुर्गापूजेच्या कार्यक्रमांना लागतो. तेव्हा आधी सांग, ट्रामच्या रुळांवरून गचके खाल्ल्यावर तू जागेवर राहशील का?

तुझ्या घराण्यातला नामांकित भीम म्हणजे नॉक्टुआचा एनएच-डी१५. दोन पंख्यांसह वजन १,३२० ग्रॅम, उंची १६५ मिमी. घरच्या स्टुडिओत त्याला तोड नाही. पण संगणकाची पेटी आडवी-उभी होत प्रवास करते, तेव्हा ते वजन मदरबोर्डाच्या चार भोकांवर लोंबकळतं, भिंतीतल्या एका खिळ्याला पाटा टांगावा तसं. शिवाय ४ यू रॅकची पेटी बाहेरूनच १७८ मिमी उंच; आत तो मावणार कुठे? दुसऱ्या टोकाला इंटेलच्या डब्यात फुकट येणारा तुझा धाकटा भाऊ. हलका आहे, पण प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर उभा. त्यातली एक जरी सैल झाली तरी तळ किंचित तिरपा होतो आणि गाणं सुरू झाल्यावर काही क्षणांत प्रोसेसर शंभर अंशांकडे धावतो.

तिथे तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. चित्रपट पाहणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. आमचं तसं नाही. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर दर २.७ मिलिसेकंदांनी आवाजाचा पुढचा तुकडा तयार हवाच. तो चुकला की तानपुऱ्याच्या मधोमध ‘कट्ट’. श्रोते गायकाकडे बघतात, गायक माझ्याकडे.

इथल्या दमटपणाचं मात्र लोक उगाच भय घालतात. तुला घाम सुकवायचा नसतो. तुझा संबंध हवेच्या तापमानाशी. खोली २४ ऐवजी ३६ अंशांवर असेल, तर त्याच कामाला प्रोसेसर साधारण तेवढेच बारा अंश जास्त तापेल. हिशेब सोपा आहे. दमटपणा घात करतो तो दुसरीकडे. पावसाळ्यात एसी स्टुडिओतून गार झालेली पेटी बाहेर काढून उघडली की धातूवर दव धरतं; तिला तासभर बॅगेतच राहू द्यावं. आणि ओल्या हवेतली धूळ तुझ्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते, ती फुंकरीने निघत नाही, ब्रशच लागतो.

फिरतं ध्वनियंत्र या शहराला नवं नाही म्हणा. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने इथल्या हॉटेलच्या खोलीत गायिका गौहर जानचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेतलं. उष्णता मेणालाही मानवत नसेच.

तर माझी निवड तू, नॉक्टुआचाच एनएच-यू९एस. उंची १२५ मिमी, एका पंख्यासह सहाशे ग्रॅमच्या आसपास, बोर्डामागे धातूची पट्टी आणि स्प्रिंगचे स्क्रू. तुझा तो तपकिरी-बिस्किटी रंग कुणाला आवडतो देव जाणे, पण रॅकच्या आत कोण बघतंय! तुझ्यावर भारही मी कमी टाकणार आहे. बायोसमध्ये प्रोसेसरला ६५ वॅटचा लगाम घालतो. पंख्याचा वेग बदलायलाही काही सेकंदांची सवड देतो. मंद एकसुरी घरघर कान विसरून जातो. आलाप रंगात असताना मध्येच चढणारा पंखा विसरता येत नाही.

शनिवारी चांदनी चौकात येतो आहे. तिथे काचेत पुढे मांडलेले असतात ते रंगीत दिव्यांचे पाण्याचे कूलर, त्यांना माझा नमस्कार सांग. तुझ्याबरोबर ९२ मिमीचा एक सुटा पंखा घेणार आहे. तुझा पंखा दोन तारांच्या क्लिपांवर बसतो, मध्यंतरात चहा होईतो बदलता येतो. त्या पाण्याच्या कूलरांना म्हणावं, पंप तेवढ्या वेळात बदलून दाखवा.

कळावे,
एक सिंथवाला, बेहाला