पगाराचे माप

व्यापारी घरातल्या मुलाला हिशेब शिकवण्याच्या आधी एक गोष्ट शिकवली जाते, ती म्हणजे मापात पाप करायचे नाही. आपल्याकडे हा केवळ बाजाराचा शहाणपणा मानलेला नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच यादीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हाही अतिचार आहे. राज्याचा न्याय्य नियम मोडून व्यवहार करणे, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. कायदा पाळणे आणि माप सारखे ठेवणे या दोन्ही गोष्टी श्रावकाच्या एकाच व्रतात बसवलेल्या आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्या दुकानांत तराजू आता इलेक्ट्रॉनिक झाले आणि मापे ठराविक मुदतीने प्रमाणित होतात. ग्राहकाला तोळाभरही कमी जाऊ नये याची काळजी आपण घेतो. परंतु दुकानात आणखी एक माप असते आणि त्याची तपासणी सहसा होत नाही. ते माप पगाराच्या वहीत असते. बँकेच्या कर्जविभागात असताना मालाची मोजदाद आणि हिशेबाची कागदपत्रे पाहण्यासाठी मला अनेक पेढ्यांवर जावे लागे. मालाच्या नोंदी बहुधा चोख असत. पगारपत्रकात मात्र एकाच काउंटरवर, एकाच वेळेत, एकच काम करणाऱ्या दोन माणसांपुढे दोन वेगळे आकडे दिसत. कारण विचारले की उत्तर मिळे, “त्यांच्यावर घर चालतं, साहेब. या बाई तर घराला हातभार म्हणून येतात.” उत्तर देणाऱ्याच्या मनात कपट नसे. आपण दोन मापे वापरतो आहोत, हे त्याला जाणवतच नसे.

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी निकाली काढला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री व पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन, हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून सांगितले आहे. १९७६ मध्ये समान वेतन अधिनियम झाला. आता त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती इतर तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. एकाच मालकाकडे तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही, तसेच नोकरीवर घेतानाही असा भेद करता येत नाही, असे ही संहिता सांगते. ज्या ठराविक कामांत स्त्रियांना नेमण्यास कायद्यानेच मनाई आहे, तेवढाच अपवाद. त्यात आणखी एक मार्मिक तरतूद आहे. बरोबरी साधण्यासाठी कोणाचाही पगार खाली आणता येत नाही. लहान माप मोठे करायचे, मोठे माप कापायचे नाही.

या विषयातला एक महत्त्वाचा निकाल मुंबईतल्याच प्रकरणात झाला. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजवाहतुकीच्या जुन्या कंपनीत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखक होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी वेतन मिळाले, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीने बचावाचे सर्व परिचित मुद्दे मांडले. स्त्रियांचे काम साहेबांच्या खासगी लघुलेखकाचे असल्याने ते वेगळे आहे; वेतनाचा करार कामगार संघटनेशी रीतसर झालेला आहे; आणि कंपनीची आर्थिक स्थिती हा भार पेलण्यासारखी नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या विरुद्ध दिला. कामाचे नाव वेगळे ठेवल्याने काम वेगळे होत नाही, करार कायद्यापेक्षा मोठा ठरत नाही आणि समान वेतनाचे बंधन मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नसते, हे त्या निकालाचे सार होय. ‘सध्या धंदा मंद आहे’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. ते भाव ठरवताना चालेल, परंतु माप ठरवताना चालणार नाही.

दोन मापांचा प्रश्न मला सर्वांत जवळून दिसला तो माझ्या एका चुलतभावाच्या घरी. तो तालुक्याच्या गावी किराण्याचा घाऊक व्यापार करतो. दुकान, गोदाम आणि फिरते विक्रेते मिळून २३ माणसे कामाला आहेत. त्याची मुलगी पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर गेली, तेव्हा तिची जागा दुसऱ्याला दिलेली होती आणि तिला खालच्या श्रेणीचे काम सांगण्यात आले. भावाचा संतापून फोन आला. “दादा, पाच वर्षं पोरीने रात्रंदिवस काम केलं, त्याचं हे फळ? कायद्यात काही आहे की नाही?”

कायद्यात होते. जिने बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केले आहे, तिला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्या गैरहजेरीच्या कारणाने तिला काढून टाकता येत नाही. रजेच्या काळात तिच्या तोट्याचे बदल सेवाशर्तींत करणेही बेकायदेशीर आहे. मी त्याला हे सविस्तर सांगितले. अर्ज कसा लिहायचा, कोणते ईमेल जपून ठेवायचे, हेही सांगितले. बोलण्याच्या ओघात त्याने आपली एक अडचण काढली. दुकानाचा हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे पाहणाऱ्या ताईंना पाचवा महिना लागला होता. “त्यांना आता सांगून टाकावं म्हणतो, की बाळंतपण झाल्यावर बघू. सहा महिने जागा रिकामी ठेवून दुकान कसं चालणार?”

मी एवढेच विचारले, “पुण्याच्या कंपनीचा मालकही हेच म्हणत असेल ना?”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो थोडा चिडूनच म्हणाला, “कंपनीची गोष्ट वेगळी. आमची पेढी लहान.” त्याची अडचण खोटी नव्हती. परंतु त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. त्याच्या दुकानाची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदणी होती. दरमहा पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे आणि पाऊण टक्का कामगाराचे, असे पैसे तो नियमाने भरत होता. ताईंचा पगार १७ हजार, म्हणजे योजनेच्या २१ हजारांच्या मर्यादेत होता. अशा कामगार स्त्रीचा बाळंतपणाच्या काळातला मोबदला महामंडळ देते. तो मालकाच्या गल्ल्यातून जात नाही. ज्या लाभाचे पैसे वर्षानुवर्षे भरले, तो ताईंना मिळू देण्याऐवजी तो त्यांना घरी पाठवायला निघाला होता.

पुढे त्याने सहा महिन्यांसाठी एक बी.कॉम. झालेला मुलगा नेमला. ताई रजा संपवून परत आल्या आणि आजही त्याच खुर्चीवर आहेत. मुलीचे प्रकरण काही महिने पत्रव्यवहारात रेंगाळले आणि अखेर तिला तिच्या श्रेणीचे काम मिळाले. आता आपल्या समाजातील मुली सी.ए. होतात, संगणक अभियंता होतात, परक्यांच्या कार्यालयांत नोकऱ्या करतात. मुलाखतीत त्यांना ‘लग्न कधी करणार’ असे विचारले की आपल्याला अपमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. आपल्या दुकानात कामाला येणारी मुलगीही कोणाची तरी लेक असते.

भेदभाव केवळ स्त्रियांच्याच बाबतीत होतो असे नाही. आपल्या बाजारपेठेत दहा-दहा वर्षे ‘बदली’ किंवा ‘तात्पुरता’ म्हणून राबणारी माणसे असतात. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने एखाद्याला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे, तसेच गुणवत्ता न पाहता काही कामगारांवर मर्जी दाखवणे, या दोन्ही गोष्टी कायद्यातील अनुचित श्रमप्रथांच्या यादीत आहेत. ग्रॅच्युइटीचेही तसेच. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ती देणे बंधनकारक आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अटही नाही. १८ हजार रुपये वेतनावर १२ वर्षे काम केलेल्या माणसाचा हिशेब करून पाहा. १८ हजारांना २६ ने भागा, १५ ने गुणा आणि १२ ने गुणा. सुमारे १ लाख २४ हजार ६०० रुपये होतात. दिवाणजींना ही रक्कम मिळते आणि हमालाला ‘खुशीने’ पाच हजार व एक शाल मिळते, तेव्हा तेही दोन मापांचेच उदाहरण असते.

काही गोष्टी लिहायला अवघड आहेत, तरी लिहायला हव्यात. आहाराचे नियम पाळणे हा आपला आचार आहे आणि दुकानात अभक्ष्य आणू नये असे सर्वांना सांगणे हा त्याचाच भाग. परंतु सफाई करणाऱ्या माणसासाठी खिडकीत ठेवलेला वेगळा पेला आहारामुळे वेगळा झालेला नसतो. तो माणसामुळे वेगळा झालेला असतो. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ ने नोकरी-व्यवसायात त्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. अहिंसाव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन येतात. आश्रितावर झेपेल त्याहून अधिक भार टाकू नये आणि त्याच्या अन्नपाण्यात अडथळा आणू नये. ज्या धर्माने हे इतक्या बारकाईने सांगितले, त्याच्या अनुयायाच्या दुकानात पाण्याचा पेला वेगळा का असावा?

खासगी नोकरीत जात किंवा धर्म पाहून निवड करण्यास मनाई करणारा एकच सर्वंकष कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही. दिव्यांगांसाठी २०१६ चा आणि एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, असे स्वतंत्र कायदे आहेत. नोकरी देण्यासाठी एचआयव्हीची चाचणी मागताच येत नाही. परंतु ‘आपला माणूस’ नाही एवढ्याच कारणाने लायक मुलाला परत पाठवले, तर पुष्कळदा त्याला कुठल्याही कार्यालयात दाद मागता येत नाही. अशा ठिकाणी श्रावकाला बांधणारे असते ते त्याचे व्रतच. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता येईल असे वसतिगृह उभारले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. कोणत्याही कायद्याने भाऊरावांना तसे करायला भाग पाडलेले नव्हते.

जे स्वतः नोकरी करतात त्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेमणूकपत्र मागून घ्यावे. पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा आणि नोकरी सोडल्यास किंवा काढल्यास दोन कामाच्या दिवसांत देणे चुकते व्हायला हवे. उचल व इतर सर्व मिळून होणारी कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. वेतन थकल्यास तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. लैंगिक छळाची तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत त्यासाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. लहान दुकान कायद्याच्या बाहेर असते, हा आपल्यातील एक मोठा गैरसमज आहे.

येत्या दिवाळीत वहीपूजनाला बसण्याच्या आधी जमाखर्चाबरोबर पगाराची वहीही एकदा काढावी. सारख्या कामापुढे सारखा आकडा आहे का, तात्पुरत्यांपैकी कोणी जुने झाले आहे का, ग्रॅच्युइटीची तरतूद कोणाची राहिली आहे का, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे लिहायला एक पान लागेल. जिथे आकडा कमी दिसेल तिथे तो दुरुस्त करावा आणि मगच नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहावे. ग्राहकाच्या मापाला लागू असलेला नियम ज्या वहीत कामगाराच्या पगारालाही लागू होतो, त्या वहीतला लाभ निश्चितच शुभ असतो.