पायाची बाहेरची कड

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कडाव. पावसाळ्यात इथे चालणं नव्याने शिकावं लागतं. आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी डोक्यावर घेऊन ओल्या बांधावरून निघालं की टाच निसटते, अंगठा रुततो आणि सगळा तोल येतो पायाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीपासून टाचेपर्यंतच्या त्या अरुंद पट्टीवर. हे मला कुणी शिकवलं नाही. आजीच्या मागून चालता चालता आपोआप आलं. तिच्या उजव्या पायाला नेमकी त्याच कडेला हाडाचा उंचवटा होता, त्यावर घट्टा धरलेला. ती जराशी डुलत चालायची. म्हाताऱ्या बायका अशाच चालतात, असं मी धरून चालले होते.

आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी. बास्केटबॉल मला शाळेत भेटला, तोही खेळाच्या सरांनी लोखंडी खांबाला एक रिंग ठोकली म्हणून. पुढे कॉलेजसाठी कल्याणला जाऊ लागले आणि तिथल्या सिमेंटच्या मैदानावर तो खेळ अंगात भिनला. उंची बेताची असल्यामुळे मला वळणं चपळ ठेवावी लागत. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ रचला, तेव्हा चेंडू हातात घेऊन पळायचं नाही हा नियम घातला. त्यातूनच पुढे एक पाय रोवून त्याच्याभोवती फिरण्याची कला आली. बघणाऱ्याचं लक्ष हाताकडे आणि रिंगकडे असतं. खेळणारीला ठाऊक असतं की सगळा खेळ त्या रोवलेल्या पायावर चालतो. टाच उचललेली, चवडा जमिनीत घट्ट आणि अख्खं शरीर त्याच्यावरून फिरतंय. हा पीळ शेवटी जाऊन बसतो तो बाहेरच्या कडेवर.

२००१ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, सरावात असाच वळण घेताना माझ्या पायात कट्‌ असा आवाज झाला. पडले नाही, कुणी धक्काही दिला नव्हता. एका दवाखान्यात ‘मुरगळलाय’ म्हणून गोळ्या आणि पट्टी मिळाली. लंगडत घरी आले. आजीने माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि घोट्याला हातही न लावता अंगठा सरळ बाहेरच्या कडेवर, मधोमध दाबला. मी किंचाळले. ती म्हणाली, “हे मुरगाळलेलं नाय, बाय. हे मोडलंय.”

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. करंगळीच्या मागच्या लांब हाडाला, पाचव्या मेटाटार्सलला, बुडापासून थोडं पुढे आडवी चीर होती. या मोडीला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश अस्थितज्ज्ञाचा स्वतःचा पाय नाचताना असाच मोडला आणि १९०२ मध्ये त्याने ती मोड शास्त्राच्या भाषेत मांडली. पुढे त्याच्याविषयी वाचलं तेव्हा एक गोष्ट मला फार जवळची वाटली. तो ज्यांच्या हाताखाली शिकला ते ह्यू ओवेन थॉमस हे पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. मोडलेल्या हाडाला विश्रांती द्यायची तर ती सक्तीची, सलग आणि भरपूर द्यायची, हा त्यांचा आग्रह होता. आमच्याकडचे हाड बसवणारेही लेप लावून बांबूच्या कामट्या बांधतात आणि हलू नको म्हणतात. विद्या दोन्हीकडे होती. तिचं पुढे काय झालं, हा फरक.

हे हाड इतकं हट्टी का, ते मला डॉक्टरांनी छान समजावलं होतं. हाडाच्या बुडाला एका बाजूने रक्त येतं, मधल्या दांड्याला दुसऱ्या बाजूने, आणि चीर पडते ती नेमकी दोन्हींच्या शेवटाला. राजनाला कालव्याचं पाणी आमच्याकडे उन्हाळी भाताला येतं, तेव्हा अगदी टोकाच्या शेताला जसं उशिरा आणि थोडं मिळतं, तसं या जागेचं आहे. म्हणून सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही. काहींना स्क्रू घालावा लागतो. माझं प्लास्टरवर भागलं.

प्लास्टर भिजवायचं नव्हतं आणि जुलै लागला होता. घरची सगळी माणसं लावणीला गेली आणि मी पडवीत कुबड्या भिंतीला टेकवून बसले. आजी दुपारी शेतातून येऊन माझ्यापाशी बसायची. तिचे चिखलाचे पाय माझ्या पांढऱ्या प्लास्टरशेजारी असायचे. अशाच एका दुपारी तिने तिच्या पायाची गोष्ट सांगितली. तरुणपणी लाकडाची मोळी घेऊन उतरताना पाय वळला होता. लेप लागला, कामट्या बांधल्या, आणि लावणी तोंडावर आली म्हणून ती कामट्या सोडून चिखलात उतरली. घरात दुसरे हात नव्हते. “आमच्या वेळी पाय मोडला की मोडलेलाच राहायचा,” एवढंच म्हणाली. तिचा तो उंचवटा, ते डुलत चालणं, मला त्या दिवशी कळलं. माझ्या आणि तिच्या पायात मोडीचा फरक फारसा नव्हता. मला बसायला मिळालं आणि तिला मिळालं नाही.

त्याच ऑगस्टात सचिन तेंडुलकर पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे श्रीलंकेतल्या कसोटी मालिकेला मुकला होता. पदार्पणानंतर कसोटी चुकण्याची त्याची ती पहिलीच वेळ. अख्खा देश एका अंगठ्याची चौकशी करत होता आणि मला त्याचं बरं वाटायचं. पायाच्या हाडासाठी थांबणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे घरात पटवून द्यायला सचिनचं नाव फार कामाला आलं. नोव्हेंबरात त्याने ब्लोमफाँटेनला १५५ धावा काढल्या, तोवर मी चालायला लागले होते.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून आलेला पाय माझा वाटेना. पोटरी सुकलेली, कातडीचे पापुद्रे निघत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो पाय वजनकाट्यावर ठेवायला लावला आणि काटा अमुक आकड्यापर्यंतच जाऊ दे, म्हणाल्या. दर आठवड्याला तो आकडा थोडा थोडा वाढवायचा. पूर्ण भार टाकायला लागल्यावर डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. भात कापून झालं होतं, बांध कोरडे झाले होते. मी रोज सकाळी बांधावरून चालायचे. उंचसखल, वीतभर रुंदीची ती वाट पायाला जे शिकवते ते सपाट फरशी शिकवत नाही. खरं सांगायचं तर हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसलं, त्यानंतर कितीतरी दिवसांनी पायाचा जमिनीवर विश्वास बसला. मैदानावर परतल्यावर उडी मारायला भीती नव्हती, भीती होती ती खाली यायची. रिबाउंडला सगळ्या एकदम उडतात आणि खाली कुणाचा पाय कुठे असेल सांगता येत नाही. एका सामन्यात मी चेंडू घेऊन खाली आले, तोच पाय रोवला, वळले आणि पास दिला. पायाची आठवण झाली ती सामना संपल्यावर. माझ्या हिशेबी त्या दिवशी मी परतले.

नंतर मी बास्केटबॉलच्या मोठमोठ्या खेळाडूंचे पाय बघत राहिले. चीनचा याओ मिंग, उंची २.२९ मीटर. २००८ च्या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या पायाच्या हाडाला चीर गेली, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टात तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये देश खांद्यावर घेऊन खेळत होता. २००९ मध्ये तोच पाय पुन्हा गेला. अख्खा हंगाम बाहेर बसून परतला तो जेमतेम पाच सामन्यांपुरता, आणि २०११ मध्ये तिशीतच निवृत्त झाला. केव्हिन ड्युरंटची मोड तर माझ्यासारखीच. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याला स्क्रू घातला, डिसेंबरात तो खेळायला लागला. त्या हंगामात त्याचे २७ सामनेच झाले. आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या खेपेला हाडाचा तुकडा बसवावा लागला. मग मात्र पुरेसा वेळ घेऊन तो आला आणि पुढच्या हंगामात ७२ सामने खेळला. लवकर परतणाऱ्याला आपण शूर म्हणतो. मला ते मान्य नाही. थांबायला जास्त धीर लागतो, आणि ज्याला थांबता येतं त्याच्या मागे कुणीतरी घर, संघ, पैसा घेऊन उभं असतं.

आता मी मुलींना खेळ शिकवते. कबड्डीही आणि बास्केटबॉलही. मैदान टणक आहे, बूट स्वस्तातले आहेत, आणि पाय दुखला की घरी तेल लावून फडकं बांधतात. आजीने अंगठ्याने जी परीक्षा केली, ती कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम म्हणून लिहिली. पाय वळल्यावर पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी दाबून दुखत असेल, किंवा पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. ही तपासणी पडवीत बसून कुणालाही करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा कडाव-कशेळ्याकडच्या आयाबायांना माझी एवढी विनंती आहे. करंगळीच्या बाजूची कड दुखते असं पोरगी म्हणाली तर ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडू नका. बोटाने दाबून बघा, चार पावलं चालवून बघा आणि लावणीचे दिवस असले तरी कर्जतला नेऊन फोटो काढून आणा. दुखणं मजुरीने लावणीला आलेल्या बाईचं असेल, तर तिला आधी न्या.