धक्का न देणाऱ्या बंदुकांच्या गावी

बंदूक म्हटली की मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक बँकेच्या दाराशी स्टुलावर बसून पेंगणाऱ्या रखवालदाराची दुनळी, आणि दुसरी जत्रेतली, फुगे फोडायची. पहिली कधी उडत नाही. दुसरी उडते, पण नेम धरावा लाल फुग्यावर आणि फुटावा शेजारचा पिवळा, अशी तिची रीत. फुगेवाल्याने नळी मुद्दाम वाकडी केलेली असते, असा आपला पक्का समज असतो. नळी वाकडी असेलही. पण खरी खोडी त्या बंदुकीच्या पोटात असते.

छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते, असते ती एक दणकट स्प्रिंग आणि तिच्यापुढे एक दट्ट्या. बंदूक मोडून ताणली की स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, नळकांड्यातली हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला ढकलते. आता दट्ट्या पुढे गेला की बंदूक मागे येणार, हे न्यूटनसाहेबांनी सांगूनच ठेवले आहे. लगेच तो दट्ट्या टोकाला जाऊन आदळतो आणि बंदूक पुढे हिसकते. एक धक्का मागे, एक पुढे. आणि एवढी सगळी धावपळ छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत! म्हणजे तुम्ही नेम धरलात ती बंदूक वेगळी आणि छर्रा ज्या बंदुकीतून सुटला ती वेगळी.

हा धक्का नाहीसा कसा करायचा, या एका प्रश्नापायी दक्षिण जर्मनीतल्या तीन गावांनी विसाव्या शतकातली काही वर्षे डोके लढवले. ती गावे म्हणजे उल्म, राश्टाट आणि ओबर्नडॉर्फ. त्यातले ओबर्नडॉर्फ मी गेल्या मे महिन्यात पाहून आलो. मराठीच्या प्राध्यापकाने जर्मनीत जाऊन बंदुकांचे गाव कशाला पाहावे, असे कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे : धाकट्या बहिणीची आज्ञा.

माझा भाचा चार वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला गेला. मोटारींच्या धंद्यामुळे त्या शहरात पुण्याची मुले इतकी झाली आहेत की गणपतीच्या आरतीला झांजा कमी पडत नाहीत. तिथे या मुलाने शहराबाहेरच्या एका खेड्यातल्या नेमबाजांच्या मंडळात नाव घातले आणि आता तो एक जुनी बंदूक विकत घेणार, असे घरी कळले. बहीण हादरली. ‘‘दादा, तू जातोच आहेस तर बघून ये. हा काय नाद लागलाय त्याला?’’ असे म्हणून तिने माझ्या पिशवीत भाजणीच्या जोडीला ही कामगिरीही भरली.

श्टुटगार्टहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी होर्ब सोडले की नेकार नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात शिरते. एका अंगाला काळे अरण्य, दुसऱ्या अंगाला श्वाबियाचे डोंगर, मध्ये नदी आणि रूळ कसेबसे अंग चोरून चालतात. ओबर्नडॉर्फचे स्टेशन खाली दरीत, आणि जुने गाव वर टेकाडावर. खालीच ऑगस्टिनियन साधूंचा जुना मठ आहे. व्यूर्टेम्बर्गचा राजा फ्रेडरिक याने १८११ साली या मठात बंदुकांचा कारखाना थाटला. जिथे माळ ओढायची तिथे नळ्या घासू लागल्या. याच कारखान्यातल्या एका कामगाराची दोन मुले, विल्हेल्म आणि पाउल, यांचे आडनाव माउझर. पुढे त्यांची रायफल १८७१ मध्ये जर्मन सैन्याने घेतली आणि हे आडनाव जगभर गेले. आपल्याकडेही ते आले. १९१४ साली कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पळवली ती पन्नास माउझर पिस्तुले. लहानपणी तो प्रसंग वाचताना ‘माउझर’ हा शब्द मला एखाद्या मंत्रासारखा वाटे. त्या मंत्राचे गाव इतके झोपाळू असेल असे वाटले नव्हते. चौकात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, एवढीच काय ती हालचाल.

झोपाळू, पण भाबडे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कारखान्यात हजारो परदेशी माणसे सक्तीने राबवली गेली. १९४५ मध्ये फ्रेंच सैन्य आले, त्यांनी यंत्रे उचलून नेली, इमारती पाडल्या. हात कसलेले, पण कामच नाही, अशी कारागिरांची अवस्था झाली. त्यातल्या काहींनी १९४९ मध्ये शिवणयंत्रांचे भाग करण्यापासून सुरुवात केली. ती हेक्लर आणि कोख ही कंपनी आज पुन्हा सैन्यासाठी रायफली बनवते, आणि ते मला काही फारसे आवडले नाही. दुसरे दोघे, कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर, वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या कंपनीचे नाव ‘फाइनवेर्कबाऊ’, म्हणजे सूक्ष्म यंत्रांची बांधणी. जेत्यांनी जर्मनांच्या हातची शस्त्रे काढून घेतली होती, नेमबाजांची मंडळे बंद पाडली होती. पुढे बंधने सैल झाली तेव्हा आधी परत मिळाली ती हवेची बंदूक. शिकारीची नाही, लढाईची नाही, तर हीच मुलांची म्हणून हिणवलेली छऱ्याची बंदूक! मग साऱ्या देशाचे नेमबाज तिच्यावर तुटून पडले आणि तिचा हिसका सगळ्यांना सलू लागला.

तोड निघाली ती मात्र प्रत्येक गावाची निराळी. राश्टाटच्या डायना बंदुकांत, गिस नावाच्या अभियंत्याच्या कल्पनेने, एकाऐवजी दोन दट्टे बसवले. एक पुढे धावला की दुसरा तितक्याच नेटाने मागे धावतो. मधल्या दातेरी चक्रांनी दोघे बांधलेले. जात्याच्या खुंट्याला दोन जावा समोरासमोर बसाव्यात तसे. उल्मच्या आन्श्युट्झने तेलाचा उपयोग केला. ओबर्नडॉर्फकरांची युक्ती मात्र मला सर्वांत शहाणपणाची वाटली. त्यांनी धक्क्याशी भांडणच काढले नाही. नळी आणि नळकांडे त्यांनी लाकडी दस्त्यावर घट्ट आवळण्याऐवजी छोट्या रुळांवर ठेवले. घोडा ओढताच खटका सुटतो आणि ते सगळे लोखंड आपले आपण रुळांवरून मागे सरकते. दस्ता तुमच्या खांद्यावर असतो, त्याला याची खबरही नसते.

हे सगळे मला कळले ते त्या दिवशी संध्याकाळी, भाच्याच्या मंडळात. जर्मन खेड्यात देऊळ आणि पाणवठा यांच्या खालोखाल महत्त्वाची जागा म्हणजे नेमबाजांचे घर. खाली जेवणाची खोली, वर दहा मीटर लांबीची शाळा. भिंतींवर रंगवलेल्या लाकडी तबकड्या टांगलेल्या. दर वर्षी जो उत्तम नेम मारील तो त्या वर्षाचा ‘राजा’, त्याची ही तबकडी. मी सवयीने साल वाचत गेलो. १९३८ च्या शेजारी एकदम १९५२ होते. मधली जागा रिकामी नव्हती, तबकड्या खेटूनच लावल्या होत्या. पण त्या दोन तबकड्यांच्या मधून काय काय गेले असेल, या विचाराने मी तिथे जरा रेंगाळलो.

बंदुकीचे मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे. भाचा त्यांना आमच्यात ‘आजोबा’ म्हणतो. त्यांचे वडील माउझरच्या कारखान्यात लेथवर होते. ते स्वतः हत्यारे बनवणारे कारागीर. फ्रेंच रणगाडे आले तेव्हा ते चार वर्षांचे होते. त्यांच्याजवळ या जातीच्या अठरा बंदुका आहेत आणि त्या त्यांनी पाचसहा दशकांत एकेक करून जमवल्या. महाग नव्हेत म्हणे. कारण १९७०-८० च्या सुमारास एका दाबात हवा भरून ठेवणाऱ्या बंदुका निघाल्या, पुढे दाबलेल्या हवेची नळकांडी आली, आणि स्प्रिंगच्या बंदुका स्पर्धेतून मागे पडल्या. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला १९८४ साली, आणि यांची सद्दी तेव्हा उतरणीला लागली होती. मंडळांनी त्या मिळेल त्या किमतीला फुंकून टाकल्या आणि आजोबांसारख्यांनी उचलल्या.

त्यांनी मेजावर एक डायना ठेवली. तिच्यावर नाव मात्र ‘ओरिगिनाल’. युद्धाच्या भरपाईत डायनाची यंत्रे आणि नावही ब्रिटनला गेले, तेव्हा खऱ्या कारखान्याला आपल्याच मालावर ‘अस्सल’ असे छापायची पाळी आली. नाव परत यायला १९८० चे दशक उजाडले. पुढे २०१४ मध्ये कंपनी विकली गेली आणि राश्टाटमधले कामही संपले. आजोबांनी मग आगपेटीएवढी एक डबी उघडून दाखवली. आत तपकिरी चुरा, जुन्या गुळासारखा. ‘‘हे तिचे काळीज,’’ ते म्हणाले. दट्ट्यावरचे प्लॅस्टिकचे वायसर होते ते. बंदूक वापरा, नाहीतर पेटीत जपून ठेवा, तीसचाळीस वर्षांत त्याचा असा भुगा होतो. पोलाद शाबूत, अक्रोडाचा दस्ता शाबूत, आणि हवा धरणारी टीचभर वस्तू गेली की सगळे ठप्प. नवे वायसर बसवायचे तर त्या दोन दट्ट्यांची दातेरी चक्रे परत नेमक्या दाताला दात जुळवून बसवावी लागतात. एक दात चुकला तर बंदूक पुन्हा हिसकू लागते. हे काम येणारी माणसे कमी होत चालली आहेत. आजोबांच्या दोन्ही मुलांना त्यात गोडी नाही. एक हँबर्गला, एक कॅनडात.

‘‘मामा, तुम्ही मारून बघा,’’ भाचा म्हणाला. त्याने पुढे केली ती ओबर्नडॉर्फची, ३०० एस नावाची. पाच किलोच्या आसपास वजन. उजव्या अंगाचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची, बोटाच्या पेराएवढा चपट्या डोक्याचा शिशाचा छर्रा, नव्हे, पेराच्याही निम्मा, नळीत ठेवायचा. समोर दहा मीटरवर पुठ्ठा. त्यावरचे काळे वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचे, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पूर्णविरामच म्हणा! याच अंतरावर, याच ठिपक्यावर अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले आणि मुंबईची अंजली भागवत २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत पोचली होती. वर्तमानपत्रात वाचताना हा ठिपका केवढा असतो याची मला कल्पना नव्हती.

घोडा इतका हलका की ओढला हे बोटाला नंतर कळते. ‘टक्’ असा आवाज झाला, आणि डोळ्यापुढचे नेमाचे भोक किंचित माझ्याकडे सरकले. बस्स! खांद्याला काही नाही, गालाला काही नाही. पुढे काळे वर्तुळ जिथल्या तिथे. मी बंदूक खाली घ्यायला लागलो तसे आजोबा ‘ना, ना’ करत पुढे आले. भाच्याने त्यांचे म्हणणे सांगितले : छर्रा गेल्यावरही बघत राहायचे. धक्का देणाऱ्या बंदुकीत चूक झाली तर दोष तिच्यावर ढकलता येतो. इथे ती सोय नाही. हात हलला, श्वास हलला, मनात उद्याचे काम आले, सगळे पुठ्ठ्यावर उमटते. दोरी ओढून पुठ्ठा जवळ आणला. कागदात सुबक गोल भोक, सात गुणांवर. पुढच्या दहा छऱ्यांत मी एकदा नऊ गाठले आणि तीनवर दोनदा गेलो. शेजारच्या पट्टीवर बारा वर्षांची एक मुलगी जीभ दातांत धरून नवाच्या खाली येत नव्हती. मी तिकडे न पाहणे पसंत केले.

आजोबांना बंदूक विकायची होती, पण अट घालून. भिंतीवर टांगायची नाही. आठवड्यातून एकदा तरी पन्नास छर्रे मारायचे, आणि वायसर बदलायचे काम येत्या हिवाळ्यात त्यांच्या हाताखाली शिकायचे. ‘‘एका हिवाळ्यात येते?’’ मी विचारले. भाच्याने उलथा केला, आजोबांनी मान हलवली आणि बोटे दाखवली. तीन.

रात्री बहिणीला फोन लावला. बंदुकीला दारू नसते, आवाज कुकरच्या शिट्टीपेक्षा कमी, जर्मनीत अठरा वर्षांवरच्या माणसाला अशा कमी जोराच्या बंदुकीला परवाना लागत नाही, मंडळातली माणसे वयस्कर आणि घरंदाज, शिवाय नेम धरायच्या आधी बिअरला मनाई, असा सगळा अहवाल मी दिला. तिने शांतपणे ऐकून घेतले.

‘‘वजन किती म्हणालास?’’

‘‘पाच किलो.’’

‘‘आणि इकडे आणायची झाली तर?’’

परवान्यांचे लचांड आहे, फार कटकटीचे, असे मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही.

‘‘दादा, परत यायचे असेल तर माणूस असली वस्तू घेत नाही रे. आणि तीन हिवाळे म्हणतात ना ते आजोबा?’’

फोन मी भाच्याच्या हातात दिला. तो खिडकीशी जाऊन तिच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलत होता. मेजावर बंदूक उघडी पडली होती. तिचे रूळ पुसायला आजोबांनी दिलेले फडके शेजारी होते. ते घेऊन मी पुसायला बसलो.