आठ ओळींचा औदुंबर

आई गेल्यापासून वाचन जवळपास बंदच आहे. सांत्वनाची पुस्तकं तर हातात धरवत नाहीत. आज मात्र बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता पुन्हा वाचली. शाळेत पाठ केली होती, मार्कांपुरती. अवघ्या आठ ओळी. झरा, टेकडीकडचं लहानसं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट. सगळं लख्ख उजेडात. मग वाट काळ्या डोहाकडे वळते आणि तिथे ते झाड, पाण्यात पाय सोडून निवांत. दुःखाचं नावही नाही. तरी डोहापाशी आलं की आत काहीतरी हलतं, आणि नवल म्हणजे बरं वाटतं. समीक्षकांनी या झाडाचे किती अर्थ लावलेत! मी त्या भानगडीत पडत नाही. हिरवा नि काळा एकमेकांना न पुसता शेजारी राहतात, मला तेवढं पुरे.

लिहिणारा १८९० साली जन्मला, १९१८ मध्ये जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली गेला. अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. त्याला आनंदाचा कवी म्हणून आपण मोकळे होतो. पडक्या धर्मशाळेतल्या पारव्याची ‘पारवा’ ही त्याची उदास कविता विसरून.

कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर उपदेश नको. शेजारी बसा, एखादी कविता मोठ्यानं वाचा.