चवड्यांवरचा जपान

भारतातून पाहुणे आले की टोकियोत त्यांना काय काय दाखवायचं, ही यादी आता आपल्या सगळ्यांची तोंडपाठ झाली आहे. आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, हवा स्वच्छ असली तर फुजी. आम्ही त्या यादीत गेली काही वर्षं आणखी एक गोष्ट घालतो. आमच्या निशी-कासाईच्या बाजूला एका इमारतीत खाली भाजीचं दुकान, वर दातांचा दवाखाना आणि त्याच्याही वर, तिसऱ्या मजल्यावरच्या काचेला गुलाबी अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘बॅले’. पाहुणे विचारतात, "यात बघण्यासारखं काय?" बघण्यासारखं हे, की असे वर्ग या देशात कुठेही सापडतात. भातशेतीच्या मधल्या गावातसुद्धा. आपल्याकडे पेटी-तबल्याचे आणि भरतनाट्यमचे क्लास असावेत तसे. शोवा संगीत विद्यापीठाच्या पाहणीप्रमाणे २०११ साली जपानात सुमारे चार लाख लोक बॅले शिकत होते. पुढे मुलंच कमी झाली, मग कोविड आला, आणि २०२१ मध्ये हा आकडा अडीच लाखांच्या आसपास उतरला. तरीही, जो नाच या मातीतला नाही, त्याचे अडीच लाख विद्यार्थी!

आमची धाकटी त्या अडीच लाखांतली एक. पाच वर्षांची असताना शेजारच्या मैत्रिणीबरोबर जिना चढून वर गेली, ती अजून उतरलेली नाही.

हे वेड इथे आलं कुठून, असा प्रश्न पडला म्हणून एका रविवारी आम्ही तिघं कामाकुराला गेलो. मोठा बुद्ध आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. यावेळी बुद्धाला लांबूनच नमस्कार केला आणि एनोदेनची ती चिमुकली गाडी धरून शिचिरिगाहामाला उतरलो. नावाचा अर्थ सात ‘री’चा किनारा. ‘री’ म्हणजे आपल्या कोसासारखं जुनं माप. समोर समुद्र, उजवीकडे एनोशिमा, लाटांवर फळ्या घेऊन पोहणारी पोरं. इथे १९२७ साली एलिआना पावलोवा या बाईंनी बॅलेची शाळा काढली. जन्म तिफ्लिसचा. रशियातली क्रांती झाल्यावर आई आणि बहिणीबरोबर परागंदा होऊन जपानात पोचलेल्या. त्यांच्या हाताखाली जी मुलं-मुली शिकली, त्यांनीच पुढे जपानातला बॅले उभा केला. १९३७ मध्ये बाईंनी जपानी नागरिकत्व घेतलं, नावही जपानी घेतलं, किरिशिमा एरिको. १९४१ मध्ये सैनिकांसमोर कार्यक्रम करायला चीनमध्ये गेल्या असताना नानजिंगला आजारी पडून वारल्या. किनाऱ्याजवळ त्यांचं एक छोटंसं स्मारक आहे. गर्दी वगैरे काही नाही. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात तिथे दुसरं कोणी फिरकलं नाही.

परक्या देशात येऊन, नाव बदलून, तिथल्या मुलांना आपली विद्या देणारी बाई. आपल्यासारख्यांना त्या दगडासमोर थोडं थांबावंसं वाटतं, एवढं खरं.

नावात गल्लत होऊ नये म्हणून सांगतो. जगप्रसिद्ध आना पावलोवा त्या वेगळ्या. त्या १९२२ मध्ये जपानात येऊन गेल्या आणि गावोगावच्या लोकांनी बॅले पहिल्यांदा पाहिला तो त्यांचा. गंमत अशी, की त्याच दौऱ्यात पुढे त्या हिंदुस्थानातही आल्या. परत लंडनला गेल्यावर १९२३ मध्ये त्यांनी ‘पौर्वात्य’ नाच बसवले. त्यात एक जपानी होता आणि दोन हिंदू. राधा-कृष्णाच्या नाचात कृष्ण झाला होता तरुण उदय शंकर. त्याच वर्षी चक्क आपल्या अजिंठ्याच्या चित्रांवरही एक बॅले त्यांनी रंगमंचावर आणला! मुंबईच्या मेनकाबाई, म्हणजे लीला सोखी, यांनाही उत्तेजन मिळालं ते पावलोवांकडून. मेनकाबाईंनी मग खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. म्हणजे एकाच आगबोटीच्या प्रवासातून दोन देशांत ठिणगी पडली. जपानने पाश्चात्य बॅले जसाच्या तसा उचलला आणि घोटून घोटून आपला केला. आपण फक्त ‘बॅले’ हा शब्द घेतला आणि आत आपलं नृत्य भरलं. म्हणून आमच्या सासूबाईंना अजून बॅले म्हटलं की सचिन शंकर आठवतात. नात चवड्यांवर उभी राहिलेली फोनवर बघून त्या म्हणाल्या, "अगं, हिला बसव जरा. पाय दुखतील."

जपानी लोकांची उचलण्याची रीत कशी असते ते १९४६ च्या ऑगस्टवरून कळावं. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं. टोकियो जळालेलं, रेशन अपुरं. अशा वेळी शाही नाट्यगृहात ‘स्वान लेक’ पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत झालं. शांघायमधल्या रशियन मंडळींच्या कंपनीत नाचून परतलेल्या कोमाकी मासाहिदे यांनी ते बसवलं. पोटात अन्न नसलेल्या लोकांनी नाट्यगृह भरून टाकलं. पुढे हिरोशिमात १९४८ साली जन्मलेल्या मोरिशिता योको यांनी १९७४ मध्ये बल्गेरियातल्या वार्ना स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. १९८९ मध्ये कुमाकावा तेत्सुया यांना लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. २०१२ मध्ये त्याच लोझानला सुगाई मादोका पहिली आली, तेव्हा इथल्या बातम्यांत दुसरं काही नव्हतं.

हे झालं पदकांचं. पदकांच्या खाली जे असतं ते आम्ही आईबाप ओळखतो.

पहिली गोष्ट म्हणजे अंबाडा. इथे त्याला ‘ओ-दांगो’ म्हणतात, म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोळा. जपानी मुलींचा होतो सुबक लाडवाएवढा. आमच्या लेकीच्या केसांचा होतो नारळ! त्याला दोन जाळ्या, पंचवीस आकडे, आणि आदल्या रात्री तेल लावलेलं असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण जेल धरत नाही. शनिवारी तेल, रविवारी न्हाणं हा आपल्याकडचा शिरस्ता आम्हाला बुधवारवर ढकलावा लागला. दुसरी गोष्ट शिवण. टो-शूज विकत मिळतात ते नुसते. नाडे आणि इलॅस्टिक प्रत्येकीने आपल्या पायाच्या मापाने शिवायचं. दहा हजार येनच्या घरातला जोड, आणि वर्ग वाढले की महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडून निकामी. पण ते घालायला मिळण्याआधी सेन्सेईंनी वर्षभर नुसते घोटे आणि पोटाचे स्नायू तयार करून घेतले. मैत्रिणी दुसऱ्या क्लासमध्ये नवव्या वर्षीच टो-शूजवर चढल्या तेव्हा घरी रडारड झाली. सेन्सेई बधल्या नाहीत. पायाची हाडं अजून कोवळी आहेत, एवढंच म्हणाल्या. क्लास काढायला या देशात कसलाही परवाना लागत नाही. त्यामुळे सेन्सेई कशा मिळतात यावर मुलीचे पाय ठरतात. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी फी विचारण्याआधी हे विचारावं.

तिसरी गोष्ट ‘हाप्प्योकाई’. शब्दकोशात अर्थ सादरीकरण, पण आपल्या भाषेत गॅदरिंग. फरक एवढाच, की आपल्या गॅदरिंगला वर्गणी असते पन्नास रुपये. इथे सभागृहाचं भाडं, प्रकाशयोजना, भाड्याचे पोशाख, फोटो, व्हिडिओ, सगळं पालकांमध्ये वाटून. आणि क्लासमध्ये मुलगे जवळपास नसतातच, तेव्हा जोडीच्या नाचासाठी बाहेरून व्यावसायिक नर्तक बोलवायचा, त्याचं मानधन त्या मुलीच्या घरून. आमच्या शेजारीण मिसेस एकदा म्हणाल्या, "लग्नाची रंगीत तालीमच म्हणा." आम्ही म्हटलं, आमच्याकडे नवरा मुलगा इतका महाग नसतो. मग एकमेकांकडे बघितलं आणि गप्प बसलो.

असंच एक गॅदरिंग तीन वर्षांपूर्वी झालं, आणि सेन्सेईंनी निवडलं ‘ला बायादेर’. पेतिपांनी १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला बसवलेला हा बॅले घडतो भारतात. नायिका निकिया ही देवळातली नर्तकी, नायक सोलोर, राजकन्या गामझात्ती. नावं कुठल्या पंचांगातली ते विचारू नका. साहजिकच क्लासमधलं एकमेव भारतीय घर म्हणून आम्हाला बोलावणं आलं. नमस्कार कसा करतात? टिकली कुठे लावतात? आम्ही उत्साहाने नऊवारी नेसून दाखवली. सेन्सेईंनी काष्ट्याकडे फार वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "यात पाय पूर्ण उघडतो की!" नऊवारीचं याहून चांगलं कौतुक आम्ही ऐकलेलं नाही.

पण त्या बॅलेत ‘छायांचा’ प्रवेश आहे. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकामागून एक उतरणीवरून येतात, सगळ्यांची तीच एक हालचाल, सगळ्या अगदी एकसारख्या दिसायला हव्यात. असल्या पांढऱ्या बॅलेत मान, पाठ आणि दंड यांना पावडर फासायची पद्धत आहे. आधी एका क्लासमध्ये, उन्हाळी शिबिरात, आमच्या लेकीला ती तीन थर लावली होती. चौथा लावायच्या वेळी ती स्वच्छतागृहात जाऊन बसली. घरी आल्यावर काही बोलली नाही. आंघोळीला मात्र तासभर लागला. तेव्हापासून ओळीतला नाच आला की आमच्या पोटात गोळा येई. पाय गुलाबी मोजे-बुटांत आणि वर सावळे हात, हे तिला आरशात रोज दिसतंच. सावळ्या आणि तपकिरी कातडीसाठी वेगळ्या रंगाचे टो-शूज लंडनच्या फ्रीड कंपनीने विकायला काढले ते २०१८ मध्ये. तोवर कृष्णवर्णी नर्तकी चहाच्या पाण्याने नाहीतर चेहऱ्याच्या फाउंडेशनने स्वतःचे बूट रंगवत असत.

यावेळी आम्ही सेन्सेईंना आधीच भेटायचं ठरवलं. तक्रार कशी मांडावी, जपानीत कुठलं क्रियापद वापरावं, याची ट्रेनमध्ये उजळणी केली. सेन्सेईंनी ऐकून घेतलं. जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण ही गोष्ट भारतात घडते ना? मग पावडर कुणालाच नको." झालं. पुढच्या तालमीला सगळ्यांना तसं सांगितलं, कारणही न देता. चोवीस छाया आपापल्या रंगाने उतरणीवरून आल्या.

आता तिचं पंधरावं सरलं. जपानात पंधराव्या वर्षी हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते, आणि बॅलेच्या वर्गांतली निम्मी शिडी तिथेच रिकामी होते. आपल्या दहावीचंच हे भावंड. त्याच वयात ऑडिशनही सुरू होतात. पॅरिस किंवा सेंट पीटर्सबर्गसारखी दहाव्या वर्षापासून शिकवणारी सरकारी शाळा इथे नाही. हात्सुदाईच्या नव्या राष्ट्रीय नाट्यगृहाने २००१ मध्ये शाळा काढली, पण ती मोठ्या मुलांची, आणि जागा मोजक्या. बाकीच्यांचे डोळे परदेशाकडे. तिकडच्या शाळांचे परीक्षक टोकियोत येतात. छातीवर नंबर, आधी दांड्यापाशी, मग मध्यभागी. पालकांना आत प्रवेश नाही. मग आम्ही समोरच्या किस्सातेनमध्ये एका कॉफीवर अडीच तास बसतो. शेजारच्या टेबलावरची आईही तशीच बसलेली असते, आणि दोघी एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

खरा प्रश्न ऑडिशन पास होण्याचा नाहीच. पास होऊन पुढे काय, हा आहे. इथल्या बऱ्याच कंपन्यांत नर्तकांना महिन्याचा पगार नसतो, प्रयोगावर पैसे मिळतात. त्यात कधी तिकिटं खपवायची जबाबदारीही असते. म्हणून संध्याकाळी त्याच मुली कुठल्यातरी तिसऱ्या मजल्यावर पाच वर्षांच्या पोरींना शिकवतात. आजी म्हणतात, "एवढा खर्च करून मुलगी क्लास घेणार?" आम्ही त्यांना नव्या मुंबईच्या अमीरुद्दीन शाहची गोष्ट सांगितली. वेल्डरचा मुलगा, मुंबईत येहुदा माओर यांच्याकडे शिकला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला पोचला. फीचे पैसे लोकांनी वर्गणी काढून जमवले. आजी म्हणाल्या, "त्याला वर्गणी मिळाली. तुम्हाला कोण देणार?" बिनतोड!

यंदा दोन ऑडिशन झाल्या. निकाल नावाने लागत नाही, नंबराने लागतो, सकाळी ठरलेल्या वेळी. पहिल्यात तिचा नंबर नव्हता. दुसऱ्यात युरोपातल्या एका शाळेने तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाला बोलावलं आहे, शिष्यवृत्तीशिवाय. वर्षाच्या प्रवेशाचं नंतर बघू म्हणतात. रात्री तिघं जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन आठवड्यांचा खर्च आम्ही करणार, तिकीट धरून. वर्षाचा, आत्ता तरी नाही. एप्रिलपासून ती इथल्या सरकारी हायस्कूलला जाईल आणि संध्याकाळी सहाला नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर. हे तिला पटलं का? ती म्हणाली, "जुलैपर्यंत मला तीन जोड लागतील, तपकिरी." म्हणजे पटलं असावं.

जाण्याआधी जूनच्या शेवटच्या रविवारी क्लासचं गॅदरिंग आहे, एदोगावातच. यंदा ‘स्वान लेक’चा दुसरा अंक. तिकीट नाही, लहान मुलांना घेऊन आलात तरी चालेल, फुलं मात्र आणू नका, आमच्या बादल्या पुरत नाहीत. ओळीत उजवीकडून तिसरी आमची. अंबाड्यावरून ओळखाल.