परिशिष्टातली मराठी

आरोग्यविज्ञानातले पीएच.डी.चे प्रबंध मराठीच्या अध्यापकाने वाचावेत असे कोणी सुचवत नाही, आणि कुतूहलाने वाचायला घेतले तरी त्याच्या हाती फारसे लागत नाही. महाराष्ट्रात हे प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. मराठी भेटते ती अगदी शेवटी, परिशिष्टात. तिथे एक संमतिपत्र असते आणि एक प्रश्नावली. रुग्णांशी जे काही बोलणे झाले ते या पाचदहा पानांतल्या मराठीतून झालेले असते. आधीच्या प्रकरणांतले तक्ते आणि आलेख याच पानांतून उगवलेले असतात. तरीही ही पाने कोणी 'वाचत' नाही. ती जोडायची असतात म्हणून जोडलेली असतात.

गेल्या दोन वर्षांत अशा एका परिशिष्टाशी माझा बराच जवळून संबंध आला. परिचर्याशास्त्रात, म्हणजे विद्यापीठाबाहेर सगळे ज्याला नर्सिंग म्हणतात त्यात, पीएच.डी. करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. वीस वर्षे वॉर्डात काढून आता त्या परिचारिकांना शिकवतात. मधुमेही रुग्णांच्या पायांची निगा घरच्या माणसांना नीट शिकवली तर जखमा टळतात का, हा त्यांचा विषय. प्रश्नावलीचे मराठी भाषांतर त्यांनी कोणाकडून तरी करून घेतले होते. "सर, फक्त ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा," असे म्हणून त्यांनी चार पाने टेबलावर ठेवली. मराठीच्या माणसाकडे जगाची एवढीच अपेक्षा असते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवले असेल. असो.

विषयाचे गांभीर्य मला त्यांच्याकडूनच कळले. रक्तातली वाढलेली साखर वर्षानुवर्षे मज्जातंतूंना इजा करत राहते. सर्वांत लांब तंतूंना आधी झळ लागते, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. पुढे पावलांची संवेदना जाते. चपलेत खडा गेला तर तो कळत नाही, चटका बसला तर तो जाणवत नाही. जखम दिसते तेव्हा ती चिघळलेली असते, आणि मग बोट, कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय कापावा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांच्यातल्या कोणाच्या पायांची संवेदना हरवू लागली आहे हे वेळेवर ओळखण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे विचारणे. यासाठी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एक प्रश्नावली तयार झाली, ती १९९४ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे देण्याचे १५ प्रश्न, आणि त्यानंतर पायांची तपासणी.

पहिला प्रश्न पायांच्या संवेदनेचा आहे. भाषांतरात तो असा आला होता : 'तुमचे पाय बधिर झाले आहेत का?' वाक्य शुद्ध आहे. रुग्णांची आणि रुग्णालयाची परवानगी घेऊन मी दोन दिवस बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बाईंच्या शेजारी बसलो, तेव्हा हा प्रश्न ऐकून एक आजी म्हणाल्या, "ऐकू येतंय की मला. तेवढं शाबूत हाय अजून." मूकबधिर शाळेच्या पाटीमुळे म्हणा किंवा आणखी कशामुळे, 'बधिर' हा शब्द त्यांच्यासाठी कानाचा होता. उत्तर 'नाही' असे नोंदले गेले असते. पण बाईंनी कागद बाजूला ठेवून नुसते विचारले, "मग पायांचं काय म्हणणं आहे, आज्जी?" तेव्हा त्या म्हणाल्या, "चप्पल कवा निसटून पडती ते कळतच न्हाई बघा. नात मागनं हाका मारत येती, आज्जे, चप्पल ऱ्हायली म्हणून."

पायातून चप्पल निसटणे आणि ते न कळणे, हे या विकाराचे किती नेमके लक्षण आहे ते बाईंनी मला नंतर सांगितले. आजींना दुखत काहीच नव्हते, आणि धोका तोच होता. ज्याचे पाय जळतात, टोचतात, रात्रभर झोपू देत नाहीत, तो निदान दवाखान्याची पायरी चढतो. ज्याला काहीच होत नाही त्याच्या तक्त्यात शून्य पडते, आणि शून्याकडे पाहून सगळे समाधानाने पुढच्या ओळीवर जातात.

याच प्रश्नावलीत पुढे स्नानाचा एक प्रश्न आहे. टबमध्ये किंवा शॉवरखाली जाताना गरम पाणी आणि थंड पाणी यांतला फरक तुम्हाला कळतो का, अशा आशयाचा. भाषांतरकाराने टब काढून 'अंघोळ करताना' असे केले होते, आणि सांस्कृतिक रूपांतर झाले अशी नोंदही केली होती. बाकावरचे सगळे या प्रश्नाला 'हो' म्हणत होते. न म्हणतील कसे? टबात माणूस पाय आधी घालतो. आपल्याकडे पाणी आधी हाताला भेटते. चुलीवरचे किंवा बंबातले कढत पाणी बादलीत काढायचे, त्यात विसण घालायचे, हात बुडवून बघायचे आणि मग तांब्याने अंगावर घ्यायचे. पायांपर्यंत पाणी पोहोचते तेव्हा त्याची परीक्षा झालेली असते. शिवाय म्हाताऱ्या माणसांचे पाणी बहुधा सून किंवा नात विसणून ठेवते. म्हणजे हातही दुसऱ्याचा. हा प्रश्न उलटा मोजायचा असतो, 'नाही' म्हटले तर एक गुण. आमच्याकडे तो गुण कोणाला मिळणेच अवघड. प्रश्न व्याकरणाने मराठीत आला होता, पण न्हाणीघरात शिरलाच नव्हता.

मी हे सांगितले तेव्हा बाईंनी मला एक प्रमाणपत्र दाखवले. भाषांतर 'उलट भाषांतरा'च्या कसोटीला उतरले होते. ही कसोटी रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७०च्या निबंधापासून संशोधनात रूढ झाली. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाने मराठी मजकुराचे पुन्हा इंग्रजी करायचे, आणि ते मुळाशी ताडून पाहायचे. जुळले की उत्तम. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातली गोम लगेच कळावी. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर सर्वांत सुखरूप परत जाते. 'बधिर'चे इंग्रजी करायला कोशाचे एक पान पुरते. 'चप्पल निसटलेली कळत नाही' हे मात्र मुळाशी जुळत नाही, म्हणून नापास. ही कसोटी दोन कोश एकमेकांशी बोलतात की नाही एवढेच तपासते, असे माझे मत झाले आहे. रुग्ण या व्यवहारात कुठेच नसतो. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की या क्षेत्रातल्या जाणत्यांना हे ठाऊक आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शक तत्त्वांत भाषांतराच्या १० पायऱ्या दिल्या आहेत, आणि रुग्णाला प्रश्न वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय समजले?' असे विचारणे ही त्यांतली एक पायरी आहे. आपण वर्गात वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तावर टिपणे देतो. इथे वाचकाने दिलेल्या प्रतिसादावर त्याचा पाय अवलंबून आहे.

वेदनेच्या शब्दांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा, आणि मला सर्वांत रस वाटला तो त्यात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन येथे विल्यम लिव्हिंग्स्टन यांच्या हाताखाली काम करताना रोनाल्ड मेल्झॅक या तरुण मानसशास्त्रज्ञाला एक मधुमेही वृद्धा भेटली. तिचा पाय कापलेला होता, आणि नसलेल्या पायातल्या वेदनेचे वर्णन ती इतक्या नेमक्या शब्दांत करी की मेल्झॅक ते शब्द टिपून ठेवू लागले. पुढे १९७१मध्ये त्यांनी व टॉर्गरसन यांनी वेदनेचे १०२ शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी केली, आणि त्यातून १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची प्रसिद्ध वेदना-प्रश्नावली आली : ७८ शब्द, २० गट. प्रयोगशाळेतून नव्हे तर एका बाईच्या बोलण्यातून जन्मलेले हे साधन आहे.

त्यातले शब्द बहुतेक विशेषणे आहेत. मराठीत वेदनेला विशेषणे फारशी चालत नाहीत. 'ठणकणारी वेदना', 'चमकणारी वेदना' असे जिवंत माणूस बोलत नाही. मराठीत दुखण्याची नामे आहेत आणि प्रत्येक नामाचे आपले क्रियापद आहे. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, तिडीक उठते, पेटके येतात, आग होते, मुंग्या येतात. सलते, ठसठसते, चुरचुरते, हुळहुळते. दुखणे माणसाचा गुण नसते, कुठून तरी येते, बसते, उठून जाते. बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्याने सांगितले की दिवसा पाय 'मेल्यागत' असतात आणि रात्री 'इंगळ्या डसतात'. एकाच पायात दोन्ही. हे कोणत्या गटात टाकायचे?

तीव्रता मोजण्यासाठी शून्य ते दहाची पट्टी असते. त्या गृहस्थांपुढे पट्टी धरली तेव्हा त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "बारा आणे." दशमान नाणी १९५७ साली आली, तरी आमच्या भागात माणसाचे बरे-वाईट अजून आण्यांतच सांगतात. पिकांचा अंदाज पूर्वी आणेवारीत होई, आता पैसेवारीत होतो, आणि ५० पैशांच्या आत आले की दुष्काळाची भाषा सुरू होते. म्हणजे पट्टीवर मोजण्याची कल्पना शेतकऱ्याला परकी नाही. परकी आहे ती फक्त ती छापील पट्टी. मात्र इथेही एक खाच आहे. आणे हे बहुधा 'बरे किती' हे सांगतात, 'दुखते किती' हे नव्हे. बारा आणे म्हणजे तीन चतुर्थांश यातना, की तीन चतुर्थांश आराम? विचारल्यावर कळले, आराम. न विचारता सोळाशी गुणोत्तर मांडून कोणी साडेसात लिहिले असते तर आकडा उलटा पडला असता.

बाईंच्या मार्गदर्शकांनी एक रास्त शंका काढली. रुग्णाच्या शब्दांवर इतका भर दिला तर तपासणीचे काय? शब्दाचा भरवसा किती धरायचा? याला माझ्याकडे सिद्धान्त नव्हता, पण वाचनात आलेले दोन अभ्यास होते. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती, आणि तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. याआधी तपासणी व उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुसरा अभ्यास गोव्यातला, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. तिथे अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत त्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. एका ठिकाणी तक्रार नाही, पण रोग आहे. दुसऱ्या ठिकाणी तक्रार आहे, पण ती ज्या रोगाची समजली गेली तो बहुतेकींना नाही. दुःख आहे, आणि ते सांगायला शरीराचाच शब्द हाताशी आहे. तपासणीशिवाय पहिले कळले नसते, ऐकून घेतल्याशिवाय दुसरे. साहित्याचा विद्यार्थी वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांवर प्रश्नपत्रिका सोडवतो. तोच प्रश्न तिथे पोटदुखीच्या गोळ्या आणि प्रतिजैविके यांच्या रूपाने उभा असतो.

मूळ प्रश्नावली बदलता येत नाही. ती बदलली तर इतर देशांतल्या आकड्यांशी तुलना तुटते, आणि हे कारण मला पटते. 'बधिर' या शब्दाला मात्र 'पायाला स्पर्श कळत नाही' अशी जोड देण्यास समितीने मान्यता दिली. त्याशिवाय बाईंनी पंधरा प्रश्नांनंतर, एक रेघ मारून, आपले दोन प्रश्न जोडले. चालताना चप्पल निसटली तर तुम्हाला आपोआप कळते, की कोणी सांगितल्यावर? आणि दुसरा : अंघोळीचे पाणी तुम्हाला कोण विसणून देते?

दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग त्यांना आधी वाटला त्याहून मोठा निघाला. घरात पाय रोज निरखून बघायला कोणाला शिकवायचे हे त्यांना ठरवायचे होते, आणि आतापर्यंत त्या रुग्णाबरोबर दवाखान्यात आलेल्या माणसाला शिकवत होत्या. तो बहुधा मोटारसायकलवरून घेऊन आलेला मुलगा किंवा पुतण्या असतो. पाणी विसणणारा हात वेगळाच असतो. आता त्या घरी जातात तेव्हा त्या हाताचा शोध घेतात : सून, मुलगी, कुठे आठवीतली नात. काही पुरुषांचे उत्तर 'कोणी नाही, माझं मीच' असे येते, आणि तिथे त्या पुन्हा एक फेरी जास्त मारतात.

या दोन प्रश्नांना गुण नाहीत, त्यामुळे बेरजेत ते येत नाहीत. बाईंनी त्यांच्यासाठी तक्त्याच्या उजव्या कडेला दोन जादा रकाने आखले आहेत. पहिल्याला इंग्रजी शीर्षक मिळाले आहे. दुसऱ्याला सुचत नाही म्हणून त्यांनी सध्या पेन्सिलीने 'विसण' एवढेच लिहून ठेवले आहे.